कर्करोग आणि रूढी

कर्करोग कोणाला गाठील याचा नेम नाही, तो दैवाचा फेरा आहे, अशी समजूत शिकल्यासवरलेल्या घरांतूनही अद्याप दृढ आहे. सुपारीचे खांडसुद्धा तोंडात न टाकणारा एखादा शिक्षक साठीच्या आत या रोगाने जातो आणि त्याच आळीत जन्मभर विड्या ओढणारा म्हातारा पंचाऐंशी वर्षे ठणठणीत जगतो, हे उदाहरण या समजुतीच्या समर्थनार्थ हमखास पुढे केले जाते. एका व्यक्तीपुरते पाहिले तर हा युक्तिवाद खोडून काढता येत नाही. परंतु व्यक्तीऐवजी लाख लाख माणसांचे समूह नजरेसमोर ठेवले, की दैवाची ही चाल चमत्कारिक म्हणावी इतकी शिस्तबद्ध दिसू लागते. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा जो अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात मिझोराममधील ऐजॉल जिल्ह्यात दर लाख पुरुषांमागे वर्षाकाठी २६९.४ नवे रोगी असल्याची नोंद आहे. महाराष्ट्रातील उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि बीड या जिल्ह्यांत हेच प्रमाण ३९.५ एवढे आहे. लोकसंख्येतील म्हाताऱ्या-तरुणांच्या प्रमाणात जो फरक असतो, त्याची वजावट करूनच हे आकडे काढलेले असतात. मराठवाड्यातील काही रोगी निदानावाचूनच मृत्यू पावत असतील आणि नोंदवहीपर्यंत पोहोचत नसतील, हे मान्य केले तरी जवळजवळ सातपट अंतराचा उलगडा तेवढ्याने होत नाही. दैव एका जिल्ह्यावर सातपट रुष्ट होते असे मानण्यापेक्षा त्या जिल्ह्यातील माणसे काय खातात, काय ओढतात आणि काय तोंडात धरतात हे पाहणे अधिक शहाणपणाचे. मिझोराममध्ये धूम्रपान विपुल आहे. धुरावर सुकविलेले मांस तेथे नित्याचे आहे. शिवाय तंबाखूचा धूर पाण्यातून काढून ते पाणी बाटलीत भरून ठेवण्याची आणि घोट घोट तोंडात धरण्याची चालही तेथे आहे. त्या पाण्याला ‘तुइबुर’ म्हणतात.

माणसाच्या राहणीवरून कर्करोगाचा माग काढण्याची ही पद्धत जुनी आहे. लंडनमधील पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने १७७५ साली धुराडी झाडणाऱ्या मुलांना पुढे वृषणाच्या त्वचेचा कर्करोग होतो हे दाखवून त्याचा संबंध काजळीशी जोडला. आपल्याकडे काश्मीरमधील एल्म्स्ली या मिशनरी डॉक्टरने १८६६ साली कांगडीच्या कर्करोगाची हकिगत लिहिली. काश्मिरी माणूस थंडीत फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसतो. वर्षानुवर्षे पोटाची आणि मांड्यांची कातडी भाजत राहते आणि त्याच जागी पुढे व्रण होऊन तो बळावतो. शरीरावरची जी जागा अन्य कोठेही सहसा या रोगाला बळी पडत नाही, ती काश्मिरात पडते, आणि तिचे कारण एका वेताच्या टोपलीत सापडते.

या विचाराला भारतात शास्त्रीय बैठक मिळवून दिली ती डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झालेले खानोलकर हे मूळचे विकृतिशास्त्रज्ञ. परळ येथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्या रुग्णालयात देशाच्या सर्व प्रांतांतून रोगी येत. निरनिराळ्या भाषा बोलणारी, निरनिराळे कपडे नेसणारी, निरनिराळ्या पद्धतीने तंबाखूचे सेवन करणारी ही माणसे होती. आणि गाठ ज्या जागी उठे ती जागाही प्रांताप्रांतागणिक आणि जातीजातीगणिक बदलत असे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहून निदान लिहून देण्यावर जो विकृतिशास्त्रज्ञ समाधान मानतो, त्याच्या नजरेतून ही गोष्ट सुटली असती. खानोलकरांनी रोग्याचे गाव, जात, धंदा, पोशाख आणि खाणेपिणे यांची विचारपूस केली. १९४५ साली त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी एका अमेरिकी नियतकालिकात जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषयच मुळी रूढी आणि कर्करोग यांचा संबंध हा होता, आणि भारतात आढळणारे तीन नवे प्रकार त्यात वर्णिलेले होते.

त्यांतील पहिला प्रकार धोतराचा. धोतर किंवा लुगडे कमरेला एकाच जागी घट्ट कसून बांधण्याची सवय असेल, तर वर्षानुवर्षांच्या घर्षणाने तेथली कातडी प्रथम काळवंडते, मग पांढुरकी पडते, मग चिरते, आणि क्वचित् त्या चिरेतून कर्करोग उद्भवतो. दुसरा प्रकार आंध्रच्या किनाऱ्यावरील. तेथील कष्टकरी स्त्रिया चुट्टा नावाची जाड विडी पेटते टोक तोंडात ठेवून ओढतात. परिणामी टाळूचा कर्करोग, जो जगात अन्यत्र दुर्मीळ आहे, तो तेथे वारंवार दिसतो. तिसरा प्रकार तंबाखू व चुना मळून खालच्या ओठामागे धरून ठेवणाऱ्यांचा. त्यांचा व्रण नेमका त्याच खोबणीत उठतो. जेथे पदार्थ ठेवला तेथेच रोग उपजला, इतका रोकडा पुरावा वैद्यकात फार थोड्या रोगांच्या बाबतीत मिळतो.

धोतराचा प्रकार आता इतिहासजमा झाला असेल, असे वाटण्याचा संभव आहे. तसे झालेले नाही. वर्धा येथील आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी २०२४ साली दोन वृद्ध स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. दोघींच्याही कमरेवर बरा न होणारा व्रण होता आणि तपासणीत तो कर्करोगाचा निघाला. एकीच्या बाबतीत परकराची घट्ट नाडी कारणीभूत होती; दुसरी परकराशिवाय लुगडे कमरेला आवळून नेसणारी होती. नाडी रुंद पट्टीची घ्यावी, सैल बांधावी, बांधण्याची जागा बदलत राहावी, आणि कमरेवरील जखम महिना दोन महिन्यांत भरली नाही तर दाखवावी, एवढाच त्यावरचा इलाज आहे. तो सांगायला दवाखाना लागत नाही.

खानोलकरांनी वापरलेला रूढी हा शब्द अधिक बारकाईने विचार करण्याजोगा आहे. कर्करोगाच्या प्रतिबंधाविषयी आज जे लिहिले-बोलले जाते त्यात ‘जीवनशैली’ हा शब्द सरसकट वापरला जातो. त्या शब्दातून असा भास होतो की माणसाने दुकानातून कापड निवडावे तशी आपली राहणी निवडलेली आहे. सबब परिणामांचा दोषही त्याचाच. काही माणसांच्या बाबतीत हे खरे असेलही. परंतु पुणे, सातारा, सोलापूर किंवा कोकण येथील ज्या बाईने दहाव्या-बाराव्या वर्षी आजीच्या शेजारी बसून मशेरी लावायला सुरुवात केली, तिने काय निवडले? तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरड्यांना चोळायची. दात घासण्याचा तोच प्रकार तिच्या घरात होता. पहाटे एकदा लावायची ती मग दुपारी कामाच्या विसाव्याला आणि रात्री निजतानाही लागू लागली. तिला ‘व्यसनी’ म्हटले तर ती रागावेल, आणि तिचा राग योग्यच ठरेल. बैठकीत चंची सोडून समोरच्यापुढे धरणे हे अगत्य, आणि पुढे केलेली चिमूट नाकारणे हा उपमर्द, अशी जेथे रीत आहे, तेथे पुरुषाचीही गत फारशी निराळी नसते. गंमत अशी की, ज्याला परंपरा म्हणून कुरवाळले जाते ती ही तंबाखू या भूमीतली नव्हेच. पोर्तुगीजांबरोबर ती आली, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेगाने विजापुराहून नेऊन ती अकबराच्या दरबारात प्रथम दाखविली. चारशे वर्षांत तिने सोवळ्या-ओवळ्याची सर्व दारे ओलांडली.

रूढी किती खोल गेली आहे याची मोजदाद महाराष्ट्रात फार पूर्वी झालेली आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, डेन्मार्कचे प्रा. पिंडबोर्ग यांच्या साहाय्याने, पुणे जिल्ह्यातील खेड्यांत घरोघर जाऊन १,०१,७६१ माणसांची तोंडे तपासली. त्या पाहणीचा वृत्तांत १९७२ साली प्रसिद्ध झाला. रोगी रुग्णालयात येण्याची वाट न पाहता निरोगी माणसाच्या दारात जाऊन त्याच्या तोंडातील पांढरे चट्टे शोधणे, ही कल्पना त्या काळी नवी होती. तंबाखूचा कोणताही प्रकार न वापरणाऱ्यांमध्ये असे चट्टे क्वचितच सापडतात आणि वापरणाऱ्यांत वारंवार, हे अशा घरोघरच्या पाहण्यांतून निर्विवाद सिद्ध झाले. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. आणि धूर न काढता ती तोंडात ठेवणारे २४.४ टक्के होते. म्हणजे महाराष्ट्राचे दुखणे सिगारेट नव्हे. ते हातावरची चिमूट, पानपुडी, मशेरी आणि विदर्भातला खर्रा हे आहे. सिगारेटच्या पाकिटावरील सूचना वाचून निर्धास्त होणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावयास हवे.

सुपारीचा उल्लेख येथे स्वतंत्रपणे केला पाहिजे, कारण तिच्याविषयीचे अज्ञान सर्वांत निरागस आहे. पूजेत मांडली जाणारी, जेवणानंतर वडीलधाऱ्यांपुढे ठेवली जाणारी सुपारी अपायकारक असेल हे मनाला पटत नाही. मुंबईचे डॉ. जोशी यांनी १९५३ साली टाळूच्या आतील अस्तर ताठर होऊन तोंड उघडेनासे होण्याच्या विकाराचे वर्णन केले. सुपारी हे त्याचे मुख्य कारण असल्याचे पुढे निश्चित झाले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००३ साली तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या वर्गात बसविले. पूर्वी हा विकार उतारवयात आढळे. १९८०नंतरच्या दशकांत सुपारी, कात, चुना आणि तंबाखू यांचे तयार मिश्रण चिमुकल्या पुड्यांतून शाळांच्या फाटकापर्यंत पोहोचले, आणि ज्यांच्या तोंडात दोन बोटे जाणेही कठीण झाले आहे असे विशीतले तरुण दंतवैद्यांसमोर येऊन बसू लागले. पानाला निदान जागा आणि वेळ लागत होती. पान लावणारा, अडकित्ता, तबक, पिंकदाणी असा सरंजाम होता. पुडीने तो सर्व खोळंबा नाहीसा केला. रूढीचे कारखान्यात रूपांतर झाले की तिला मर्यादा राहत नाही, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

महाराष्ट्र शासनाने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली; तशी बंदी घालण्याचा अधिकार त्या कायद्यानुसार राज्याला नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला. पुढे अन्नसुरक्षेचा नवा कायदा आला, २०११च्या नियमांनी अन्नपदार्थांत तंबाखू मिसळण्यास मनाई केली, आणि त्या आधारे जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा बंदी आली. तथापि बंदीचा हुकूम निघणे आणि पुडी मिळेनाशी होणे या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हे कोणत्याही बसस्थानकाबाहेरच्या टपरीवर कळते. शासनाचा हात या बाबतीत सदैव थोडा कापरा राहिला आहे. तंबाखूवरील कर तिजोरीत येतो. सोलापूर, सिन्नर, संगमनेर, गोंदिया या भागांत विडी वळून पोट भरणाऱ्या हजारो स्त्रिया आहेत. त्यांना पर्यायी काम दिल्याखेरीज तंबाखूविरुद्ध नुसती भाषणे करणे हा एका गरिबाचा रोग टाळण्यासाठी दुसऱ्या गरिबाची चूल विझविण्याचा प्रकार होईल. हा प्रश्न आरोग्यखात्याच्या एकट्याच्या आवाक्यातला नव्हे.

तंबाखू बाजूला ठेवली तरी राहणी आणि कर्करोग यांचे नाते संपत नाही. ते अधिक गुंतागुंतीचे होते. मुंबईत डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ साली भारतीय कर्करोग संस्थेने शहरातील प्रत्येक नव्या रोग्याची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. अशी नोंदवही देशात पहिलीच. तिच्यात पारशी समाजाचा हिशेब लक्षवेधी होता. अग्नी पवित्र मानणाऱ्या या समाजात धूम्रपान निषिद्ध. सबब तोंडाचा आणि घशाचा कर्करोग थोडा. परंतु पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण शहरातील अन्य समाजांपेक्षा अधिक होते. उशिरा होणारी लग्ने, अल्प संतती आणि कित्येक स्त्रियांचे अविवाहित राहणे यांच्याशी त्याचा संबंध असल्याचे दिसते. मुंबईच्या नोंदवहीने पुढील चार-पाच दशकांत सर्वच स्त्रियांच्या बाबतीत असाच एक पालट टिपला. गर्भाशयमुखाचा कर्करोग, जो पूर्वी अग्रस्थानी होता, तो उतरत गेला आणि स्तनाचा कर्करोग चढत जाऊन शतकअखेरीस त्याच्या पुढे गेला. लग्नाचे वय वाढले, बाळंतपणे कमी झाली, घरात पाणी आणि न्हाणीघर आले, म्हणून एक रोग हटला. पहिले मूल उशिरा, तेही एक किंवा दोन, अंगावर पाजण्याचा काळ थोडा, बैठे काम आणि वाढते वजन, म्हणून दुसरा फोफावला. ज्या सुधारणेने मुलगी शाळेत गेली तिनेच हे दोन्ही घडविले. चौदाव्या वर्षी लग्न लावून स्तनाचा कर्करोग टाळा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. अशा ठिकाणी प्रतिबंधाचा अर्थ बदलतो. तो वेळीच तपासणी करण्याकडे वळतो.

तपासणीचे मोल काय, याचा एक मोठा पुरावा याच उस्मानाबाद जिल्ह्याने जगाला दिला आहे. बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आश्रयाने १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली होती. त्या अनुभवाच्या बळावर १९९९ पासून ५२ ग्रामगटांतील तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर एक प्रयोग झाला. गर्भाशयमुखाचा कर्करोग एका विषाणूमुळे होतो. काही गटांतील स्त्रियांची त्या विषाणूसाठी आयुष्यात केवळ एकदा चाचणी केली गेली, आणि दोष आढळला त्यांच्यावर उपचार झाले. आठ वर्षांनंतर त्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या होत्या, तर तपासणी न झालेल्या, किंचित लहान अशा गटात ६४. २००९ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाल्यावर त्याचा गाजावाजा जगभर झाला. ज्या गटाची तपासणीच केली गेली नाही त्यातील मृत्यूंविषयी पुढे नैतिक आक्षेपही घेण्यात आले, आणि ते अगदीच अनाठायी होते असे म्हणवत नाही. ज्या खेड्यांतील बायकांनी जगाला हा धडा दिला, त्यांच्या लेकीसुनांना ती चाचणी आज सहज मिळावी, ही अपेक्षा तर कोणालाच वावगी वाटू नये. याच विषाणूविरुद्धची देशी लस पुण्यातील सीरम संस्थेने तयार केली असून तिला २०२२ साली मान्यता मिळाली.

आता हवा-पाण्याविषयी. कारखान्यांचा धूर, शेतातील फवारे, प्लास्टिक, भ्रमणध्वनीचे मनोरे यांच्या भीतीने सुशिक्षित मध्यमवर्ग आज अधिक अस्वस्थ आहे. ही भीती सर्वस्वी निराधार नाही. डिझेलचा धूर २०१२ साली आणि बाहेरची प्रदूषित हवा २०१३ साली कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात गेली. बंगाल-बिहारच्या भूजलातील सोमल त्वचेचा व मूत्राशयाचा कर्करोग घडवितो. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंनी फुप्फुसाच्या आवरणास होणारा रोग तीस-चाळीस वर्षांनी उमटतो, तोवर कामगार निवृत्त झालेला असतो आणि कारखाना कदाचित बंद पडलेला असतो. ओलसर कोठारातील भुईमुगाला व मक्याला जी बुरशी धरते, तिचे विष यकृताचा घात करते. बुरसटलेले दाणे निवडून टाकणे हा गृहिणीचा जुना शिरस्ता शास्त्राला धरूनच आहे. चुलीच्या धुरात दिवसाचे तीन-चार तास काढणाऱ्या बाईच्या फुप्फुसांना शहरातील वाहतूक पोलिसाइतकीच काळजीची गरज आहे. या सर्व गोष्टींत व्यक्तीला निवडीचा वाव जवळजवळ नाही. हवा कोणी विकत घेत नाही. म्हणून तेथे कायदा, देखरेख आणि दंड हाच उपाय, आणि तो मागण्याचा हक्क नागरिकाने बजावलाच पाहिजे. मात्र तोल सांभाळावयास हवा. मनोऱ्याविरुद्ध सोसायटीच्या सभेत तावातावाने बोलणारा गृहस्थ जेव्हा मध्येच खिडकीशी जाऊन पुडी तोंडात रिकामी करतो, तेव्हा त्याच्या भीतीचे गणित कोठेतरी चुकलेले असते. २०२०च्या त्याच अहवालानुसार देशातील एकूण कर्करोगांपैकी २७.१ टक्के तंबाखूशी निगडित होते. भ्रमणध्वनीच्या लहरींविषयीचा पुरावा अद्याप तसल्या कोणत्याही आकड्याच्या जवळपास पोहोचलेला नाही.

मग रूढी बदलते कशी? मेहता आणि गुप्ता यांच्याच पथकाने १९७७ साली एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांत तंबाखू वापरणाऱ्या सुमारे ३६,००० ग्रामस्थांपाशी हा प्रश्न नेला. दरवर्षी घरी जाऊन तोंड तपासायचे, समक्ष बोलायचे, जोडीला चित्रपट, भित्तिपत्रके, नभोवाणी आणि वृत्तपत्रे वापरायची, असा तो क्रम होता. १९८६ साली जाहीर झालेला निष्कर्ष भाबड्या आशावाद्यांना निराश करणारा होता, कारण तंबाखू पूर्णपणे सोडणारे थोडेच निघाले. परंतु पुष्कळांनी ती कमी केली होती, आणि तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांचे नवे प्रमाण तेवढ्यानेही लक्षणीयरीत्या घटले होते. जन्माची सवय दहा चिमटींवरून तीनवर आली तरी शरीर त्याची दखल घेते, ही गोष्ट शाळामास्तरांनी आणि आरोग्यसेविकांनी सांगण्यासारखी आहे. ‘आजपासून बंद’ या एकाच हुकमाने माणसे बिचकतात आणि तोंड दाखवायचेच टाळतात.

दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ साली मनाई केली आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. दुकानातल्या डबीपुरता तो प्रश्न तेव्हा मिटला. आठवड्याच्या बाजारात पानाची तंबाखू पावशेर घेऊन घरी तव्यावर भाजली जाणारी मशेरी मात्र या मनाईत येत नाही. त्या घरात मुलीच्या हाती मशेरीची डबी जाण्याआधी साध्या दंतमंजनाची पोहोचली पाहिजे, आणि हे काम दहाव्या वर्षाच्या आत, म्हणजे प्राथमिक शाळेतच, व्हावे लागते.